चांगल्या वासानं डोकं उठतं, घसा बसतो – घरात कुणी मानायला तयार नाही

सांगलीची_सून:

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

मी ३६ वर्षांची, विश्रामबागला राहते, घरात मी, मिस्टर, सासूबाई आणि दोन मुलं. एका पतसंस्थेत काउंटरला नोकरी करते. गेल्या दीड वर्षापासून मला एक त्रास सुरू झालाय आणि तो धड कुणाला सांगताही येत नाही, कारण सांगितलं की समोरचा हसतो. मला वास सहन होत नाहीत. घाण वासाचं म्हणत नाही मी, चांगले वास. कपडे शेवटच्या पाण्यातून काढताना ते सुवासिक लिक्विड घालतात ना त्याचा, फरशीच्या लिक्विडचा, लिफ्टमधून कुणी बॉडी स्प्रे मारून गेलं असेल तर माणूस खाली उतरून गेला तरी त्याचा. आधी डाव्या भुवईच्या वर ठणकायला लागतं, मग घशात, म्हणजे कसं सांगू, मिरच्या भाजताना खकाणा उठतो ना तसं होतं, आणि मग जो ठसका लागतो तो अर्धा अर्धा तास थांबत नाही. आवाज बसतो. काउंटरला बसून लोकांशी बोलायचं असतं मला.

हॉलमध्ये सोफ्याच्या वरच्या स्विचला ते प्लगमध्ये लावायचं सुगंधाचं यंत्र आहे, मिस्टरांनी दिवाळीला आणलं. ऑफिसात माझ्या डोक्यावरच भिंतीला एक डबी लावलीय, थोड्या थोड्या वेळानं आपोआप फुस्स करून फवारा मारते. दिवसातनं किती वेळा मारते मी मोजलेलं नाही पण तो आवाज आला की माझे खांदे आपोआप आखडतात आता.

मिस्टर म्हणतात मला तर काही वासच येत नाही, तुझ्या मनाचं आहे. सासूबाई वाईट नाहीत हो, पण देवापुढं सकाळ संध्याकाळ दोन दोन उदबत्त्या आणि गुरुवारी धूप, त्यात मी काय बोलणार. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ॲसिडिटी आणि टेन्शन म्हणून गोळ्या दिल्या. मग एका लॅबमध्ये रक्ताची ॲलर्जीची मोठी तपासणी करून घेतली, साडेचार हजार गेले, सगळं निगेटिव्ह. तो रिपोर्ट आल्यापासून तर घरात विषयच संपला, म्हणतात बघ काही नाहीये तुला.

हा खरंच आजार असतो का? कुठल्या डॉक्टरांकडं जायचं? आणि घरात भांडण न करता हे कसं सांगायचं? रात्री खोलीची खिडकी उघडी ठेवून एकटी बसते तेव्हाच मोकळा श्वास येतो, थंडीत सुद्धा.


फुंकर_मिरज:

ताई, मी डॉक्टर नाही, मिरजेत फुप्फुसाच्या तपासण्या करणारा टेक्निशियन आहे, १७ वर्षं झाली, दिवसाला वीसेक माणसांना "फुंका फुंका फुंका, अजून अजून, सोडू नका" म्हणत असतो. तुमच्यासारखी कहाणी आठवड्यातनं एक तरी ऐकतो आणि त्यातल्या बहुतेक बायका असतात आणि बहुतेकींना आधी मनाचं आहे असंच सांगितलेलं असतं. मनाचं नाही. हे पहिलं डोक्यातनं काढा.

नाकात वास कळायची नस वेगळी आणि झोंबणं कळायची नस वेगळी. कांदा चिरताना डोळ्यातनं पाणी काढते ती दुसरी, तिला ट्रायजेमिनल म्हणतात. सुगंधी द्रव्यं दोन्ही नसांना जाऊन भिडतात. म्हणून वास छान असला तरी डोकं ठणकतं, ठसका लागतो. अर्धशिशीवाल्यांना तर वासानं अटॅक सुरू होतो हे डॉक्टर लोक कधीपासून जाणून आहेत. दम्याची प्रवृत्ती असेल तर श्वासाच्या नळ्या आवळतात. यातलं बरंचसं रक्ताच्या तपासणीत येणारच नाही, कारण ती तपासणी धूळ, परागकण, शेंगदाणे, झुरळ असल्या ॲलर्जीची असते, सुगंधी रसायनाच्या झोंबण्याची नसते. तेव्हा तुमचे साडेचार हजार चुकीच्या प्रश्नावर गेले, त्या रिपोर्टचा अर्थ "तुम्हाला काही नाही" असा होत नाही.

मिस्टरांना वास येत नाही म्हणतात ते खोटं बोलत नाहीत. एकच वास सतत असला की नाक तो सांगायचं बंद करतं. आमच्या तपासणीच्या खोलीत स्पिरिटचा वास आहे म्हणे, मला १७ वर्षांत कधी आला नाही. हवेतलं द्रव्य मात्र तेवढंच असतं, कमी होत नाही. उलट ज्याचं नाक बसलंय तो माणूस झाकणभर घालायच्या जागी दोन झाकणं घालतो.

आता त्या बाटलीत काय असतं ते बघा. मागं बारीक अक्षरात नुसतं "परफ्यूम" नाहीतर "फ्रॅग्रन्स" एवढा एक शब्द असतो. त्या एका शब्दात पन्नास पन्नास रसायनं असू शकतात. युरोपात २००५ पासून कॉस्मेटिकवर २६ ॲलर्जी करणारी सुगंधी द्रव्यं ठराविक प्रमाणाच्या वर असली तर नावानिशी लिहावी लागतात, आणि २०२३ च्या नियमात ती यादी वाढवून ८० च्या वर नेलीय. लिमोनीन, लिनालूल अशी नावं दिसतील. लिमोनीन म्हणजे लिंबू संत्र्याच्या सालीतलंच, नैसर्गिकच आहे, पण घरातल्या हवेत ओझोन असतो त्याच्याशी मिळून त्यातनं फॉर्मल्डिहाइड आणि अगदी सूक्ष्म कण तयार होतात. फॉर्मल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ मध्ये माणसाला कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय. एका फवाऱ्यानं कॅन्सर होतो असं मी अजिबात म्हणत नाही, घाबरू नका, पण बंद खोलीत दिवसभर फुस्स फुस्स करत राहायची ती वस्तू नाही एवढं नक्की. म्हणून "नैसर्गिक तेलाचं आहे" म्हणून कुणी दुसरं यंत्र आणून दिलं तर तेही घेऊ नका.

अमेरिकेत २०१६ साली एक सर्व्हे छापून आला होता, त्यात ३४.७ टक्के लोकांनी सांगितलं की सुगंधी वस्तूंनी आम्हाला काही ना काही त्रास होतो, डोकेदुखी, श्वास, नाक डोळे. लोकांनी आपल्या तोंडानं सांगितलेलं आहे, तपासून नाही, तरी तीनातला एक माणूस म्हणजे थोडे थोडके नव्हेत.

करायचं काय ते सांगतो. छातीच्या डॉक्टरांकडं जा, मिरज सांगलीत कमी नाहीत. स्पायरोमेट्री सांगतील, आधी फुंकून घेतात, मग पंपाचं औषध देऊन पंधरा वीस मिनिटांनी परत. पण ज्या दिवशी बरं असतं त्या दिवशी ती नॉर्मल येऊ शकते, तेवढ्यावरनं दमा नाही म्हणता येत नाही. म्हणून एक पीक फ्लो मीटर विकत घ्या, श्वास किती जोरात बाहेर सुटतो ते मोजतं, औषधाच्या दुकानात मिळतं, प्लास्टिकची नळी असते, काटा सरकतो. उभं राहून तीनदा फुंकायचं, सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. सकाळी घरी, ऑफिसात गेल्या गेल्या, दुपारी, निघताना, रात्री. रविवारी पण. शेजारी लिहा आज कुठला वास होता. दोन तीन आठवडे. ती वही डॉक्टरांना दाखवा आणि घरात पण ठेवा टेबलावर, तुम्हाला एक शब्द बोलावा लागणार नाही.


तासगावचा_बागायतदार:

वहिनी त्रास होतोय त्याबद्दल वाईट वाटतं. पण एक शंका विचारतो, राग मानू नका. आमच्या आजीनं सगळं आयुष्य उदबत्ती धूप केला, चूल फुंकली, ८८ वर्षं जगली. मग आत्ताच हे सगळं कुठून आलं? उदबत्ती सुद्धा वाईट म्हणायला लागलो तर देवाला लावायचं तरी काय.


फुंकर_मिरज:

दादा शंका रास्त आहे. आजीचं घर आठवा, कौलारू असणार, कौलातनं उजेड दिसायचा, धूर वर निघून जायचा. वहिनींचा फ्लॅट म्हणजे काचेच्या सरकत्या खिडक्या, त्या पण डासांसाठी बंद, त्यात फरशीचं लिक्विड, कपड्यांचं लिक्विड, प्लगचं यंत्र, रूम स्प्रे, उदबत्ती सगळं एकाच हवेत. आजीच्या वेळी उदबत्ती एकटी होती. आणि चुलीनं काय झालं ते पण बघतो आम्ही रोज, ज्या आज्या आयुष्यात बिडी ओढली नाहीत त्यांची फुप्फुसं जुन्या बिडीवाल्यासारखी येतात फुंकायला. तुमची आजी दणकट होती, पण सगळ्याच तशा नसायच्या.

आणि तुमच्याकडं डासांची कॉइल लावता का रात्री? २००३ साली एक अभ्यास झाला होता, एक कॉइल पूर्ण जळली तर त्यातनं निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगरेटींएवढे भरले. दार लावून, पोरं आत झोपलेली असताना.


तासगावचा_बागायतदार:

कॉइल लावतो की ओ. रोज. बागेत गंधक मारायचं म्हटलं तर तोंडाला रुमाल, डोळ्याला चष्मा लावून जातो मी, आणि घरी येऊन पोरांच्या उशाला कॉइल पेटवतो. हे कधी डोक्यातच आलं नाही बघा. मच्छरदाणी आहे माळ्यावर, आज काढतो.


गावभाग_७१:

वासावरनं स्वच्छता मोजायची सवय आपल्याला लागलीय आणि तिनं आम्हाला एकदा चांगलंच अडकवलं होतं ते सांगतो. २०१९ चा महापूर, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आमच्या घरात पहिला मजला निम्मा पाण्यात. पाणी उतरलं तेव्हा घोट्याएवढा गाळ आणि असा कुजका वास की विचारू नका. बायको आणि मी फिनेल ओतलं, ब्लीचिंग पावडर टाकली, ती वाटपात मिळालेली पोतंभर, आणि तरी वास जाईना म्हणून मी बाथरूममध्ये ब्लीचिंगच्या वरनंच संडास धुवायचं ॲसिड ओतलं. हिरवट पिवळा असा धूर आला जमिनीलगत. बायको आत वाकून खराट्यानं घासत होती. तिला श्वासच घेता येईना, तोंड उघडं आणि आवाज नाही, मी दंडाला धरून ओढत अंगणात आणली. नंतर डॉक्टर म्हणाले तो क्लोरीन होता. ब्लीचिंग आणि ॲसिड, ब्लीचिंग आणि व्हिनेगर, ब्लीचिंग आणि अमोनियावालं काही, हे एकत्र करायचं नसतं, कधीच नाही. तिला त्यानंतर आजपर्यंत फिनेलचा वास आला तरी छाती भरते, पंप चालू आहे.

पाणी परत येणारच आहे कधी ना कधी, म्हणून कृष्णाकाठच्या सगळ्यांसाठी लिहितोय. गाळ आधी फावड्यानं आणि नुसत्या पाण्यानं काढा, दारं खिडक्या सताड उघडा, आणि मग एकच औषध वापरा, एका वेळी एकच.


कोरेगावची_सिस्टर:

विषय थोडा बाजूला जातोय पण राहवत नाही. मी सातारा जिल्ह्यात बाळंतिणींच्या वॉर्डला काम करते. वासाच्या वस्तूंमधली जी मला सगळ्यात जास्त भीती घालते ती म्हणजे डांबरगोळी. पहिल्या बाळाचे कपडे, दुपटी, झबली, टोपडी ट्रंकेत डांबरगोळ्या घालून चार पाच वर्षं ठेवलेली असतात, दुसरं बाळ झालं की आजी ती प्रेमानं काढते आणि थेट अंगावर घालते, बाळाला तो वास येतच राहतो. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं, अशा बाळाच्या लाल पेशी डांबरगोळीतल्या नॅप्थलिनच्या वाफेनं फुटायला लागतात आणि कावीळ एकदम वर चढते, इतकी की मेंदूला धोका. आई बापाला माहीतही नसतं आपल्या बाळात ते कमी आहे म्हणून. ही कावीळ नवीन बाळांना नेहमी होते तशी साधी नसते.

एक आजी आठवते, बाळाला लाइटखाली ठेवलेलं आणि ती काचेबाहेर उभी राहून ते झबलं हातात घट्ट धरून नाकाला लावत होती, म्हणत होती ह्यात काय आहे गं, चांगला तर वास येतोय. तिचा काहीच दोष नव्हता. बाळ वाचलं. पण मी तेव्हापासून प्रत्येक बाळंतिणीला विचारते, कपडे कुठल्या ट्रंकेतनं काढणार आहात. बाळाचे कपडे डांबरगोळ्यात ठेवूच नका, ठेवले असतील तर अंगावर घालू नका, नवीन मऊ सुती कापड फाडून लंगोट करा, ते पुरतं. आणि गोळ्या पांढऱ्या पेपरमिंटसारख्या दिसतात, रांगणारं पोर तोंडात घालतं, कापराचं पण तसंच, कापराची वडी लहान मुलानं खाल्ली तर फीट येते. वरच्या फडताळात ठेवा.


सातारा_शाहूपुरी:

ताई मला पण हाच त्रास आहे, सहा वर्षं. मी घरात काय बदललं ते सांगते, काही जमलं काही नाही.

कपड्यांचं सुवासिक लिक्विड पहिल्यांदा बंद केलं कारण ते चोवीस तास अंगावर आणि उशीवर असतं. पण बंद केल्यावर लगेच फरक पडत नाही हां, निराश होऊ नका, तो वास धाग्यात इतका बसलेला असतो की टॉवेल आणि उशीचे अभ्रे पाच सहा धुण्यांनंतर कुठे सुटले. काही लिक्विडमध्ये वासाच्या बारीक कुप्या असतात, कपडा घासला की फुटतात, म्हणून तर जाहिरातीत दिवसभर ताजं म्हणतात. मी धुण्याचा सोडा थोडा आणि साधी पावडर कमी वापरते, कडक उन्हात उलटे वाळत घालते. पावसाळ्यात आमच्याकडं साताऱ्यात कपडे आठ आठ दिवस वाळत नाहीत, तेव्हा कुबट वास येतो, त्याला उपाय पंखा आणि कमी कपडे एका वेळी, सुगंध ओतणे नाही. फरशीला नुसतं गरम पाणी आणि घट्ट पिळलेलं फडकं. घर घाण झालं नाही, कुणी आजारी पडलं नाही. अनसेंटेड, म्हणजे बिनवासाचं, लिहिलेलं दिसलं म्हणून फसू नका, कधी कधी मूळ वास झाकायला पण त्यात द्रव्य घातलेलं असतं, मागची यादी वाचायचीच.

अजून एक. हे सगळं करताना मला आमच्या कामाच्या मावशींचं लक्षात आलं. त्या सहा घरी काम करतात, सहा घरची सहा लिक्विडं, दुपारी माझ्याकडं येईपर्यंत खोकत असायच्या आणि मी दोन वर्षं ते ऐकून सोडून देत होते, म्हणायचे तंबाखू खात असतील. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाचा २०१८ चा अभ्यास आहे, सहा हजारांवर माणसं वीस वर्षं बघितली, साफसफाई करणाऱ्या बायकांची फुप्फुसं इतर बायकांपेक्षा लवकर कमजोर झाली, त्यांनी तुलना केली ती बरीच वर्षं रोज एक पाकीट सिगरेट ओढण्याशी. तो नुसता सुगंधाचा नाही, साफसफाईच्या सगळ्या द्रव्यांचा आहे, पण मावशींच्या बादलीत हे वेगळं वेगळं थोडंच असतं. आपल्याला त्रास झाला तर आपण इथं लिहू तरी शकतो. मी मावशींना सांगितलं माझ्याकडं फक्त पाणी, आणि बाथरूम मी स्वतः धुते खिडकी उघडून. बाकीच्या पाच घरचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

देवाचं म्हणाल तर आमच्या सासूबाईंशी मी वाद घातला नाही. सकाळी परडीभर जास्वंद, तगर, पारिजातक आणून ठेवायला लागले आणि निरांजन तुपाचं. फुलं भरपूर असली की त्यांना उदबत्ती आठवायची कमी झाली. सणाला लावतात, तेव्हा मी गच्चीत जाते, दहा मिनिटांचा प्रश्न असतो.


सांगलीची_सून:

सगळ्यांचे खूप आभार, तीन आठवड्यांनी लिहितेय, मुद्दाम थांबले होते वही पूर्ण व्हायला.

फुंकरदादा, मीटर घेतलं. घरी सकाळी ३६० येतं. पतसंस्थेत दुपारपर्यंत ३१०, निघताना २९०. रविवारी दिवसभर ३६० च्या आसपास, फक्त एका रविवारी संध्याकाळी ३२० होतं आणि शेजारी मी लिहिलंय "मिस्टरांनी कारमधली नवीन सुगंधाची डबी, गणपती मंदिरापर्यंत जाऊन आलो". मिरजेच्या छातीच्या डॉक्टरांना वही दाखवली, त्यांनी तपासणी करून दम्याची सुरुवात सांगितली, पंप दिलाय सकाळ संध्याकाळ, चूळ भरायला सांगितलीय नंतर. आणि ऑफिसला द्यायला चिठ्ठी लिहून दिली. शाखाधिकाऱ्यांनी ती डबी माझ्या डोक्यावरनं काढून दाराकडं लावली, पूर्ण बंद केली नाही, म्हणतात ग्राहकांना बरं वाटतं. निघतानाचा आकडा ३२५ पर्यंत आलाय. परत बोलणार आहे.

घरात मी खरंच एक शब्द बोलले नाही, वही फ्रिजवर ठेवली. सासूबाईंनी एक दिवस चष्मा लावून सगळी वाचली आणि दुसऱ्या दिवशीपासून एकच उदबत्ती, ती पण बाल्कनीतल्या तुळशीत खोचतात. प्लगचं यंत्र त्यांनीच काढलं, मी नाही.

मिस्टर कामासाठी पाच दिवस माळशिरसकडं होते, साइटवर, मोकळ्या रानात राहत होते. परवा आले, आंघोळीला जाताना कपाट उघडलं, तिथले त्यांचे शर्ट दोन महिन्यांपूर्वी धुऊन ठेवलेले, जुन्या लिक्विडमध्ये. दार तसंच धरून उभे राहिले आणि म्हणाले, कसला गं इतका वास येतोय ह्यात. मी काही बोलले नाही, मला रडूच आलं. सगळे शर्ट त्यांनी स्वतः बादलीत टाकले.

आता पुढच्या महिन्यात नणंदेचं लग्न आहे, कार्यालय एसी आहे, दारात गुलाबपाणी आणि अत्तराचे फवारे ठरलेत. शाहूपुरीताई, तुम्ही लग्नाला जाता तेव्हा काय करता? पंप आधी घेऊन जायचा का तिथं गेल्यावर, आणि मास्कचा काही उपयोग होतो का?


सातारा_शाहूपुरी:

पंपाचं डॉक्टरांनाच विचारा हां, कधी घ्यायचा ते त्यांच्या सांगण्यावरच. साधा मास्क वासाला उपयोगाचा नाही, वाफ आरपार येते, कार्बनच्या थराचा असतो तो थोडाफार अडवतो. मी अक्षतांच्या वेळी दाराजवळ उभी राहते, पहिल्या पंगतीला जेवून बाहेर मांडवात येऊन बसते, आणि अत्तर लावायला कुणी आलं की हात मागं घेऊन फूल मागते. नणंदेला आत्ताच सांगा, लग्नाच्या दिवशी नाही. जमलं तर फवाऱ्याऐवजी मोगऱ्याचे गजरे ठेवायला सांगा, आमच्या पुतणीनं ठेवले होते, कुणी विचारलं सुद्धा नाही अत्तर कुठंय म्हणून.